विमाननिरीक्षण : छंद, नोंद आणि साक्ष

आपल्या शाळेच्या वसतिगृहाची गच्ची ज्यांनी अनुभवली आहे, त्या माजी विद्यार्थ्यांना एक दृश्य निश्चित स्मरत असेल. सायंवंदना आटोपल्यावर भोजनाची घंटा होईपर्यंत जो अर्धा-पाऊण तास मोकळा मिळे, त्या वेळी मावळतीकडून एक पांढरी रेघ आकाशावर उमटत येई आणि सगळी मुले माना उंचावून ती डोक्यावरून पूर्वेकडे जाईपर्यंत पाहत राहत. देशाच्या मध्यावर असल्याने नागपूरच्या आसमंतात अनेक हवाई मार्ग एकमेकांना छेदतात. म्हणून रेल्वेही न पोहोचलेल्या आमच्या या गावावरून विमाने मात्र रात्रंदिवस जात असतात. पाचवीतल्या एका मुलाने एकदा आम्हांस विचारले, "सर, हे कुठून आलं आणि कुठं चाललंय?" विज्ञानशिक्षक असूनही आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी एक दोनशेपानी वही आणून तिच्यावर रकाने आखले : दिनांक, वेळ, दिशा, इंजिनांची संख्या, शेपटाचा रंग, पाहणाऱ्याचे नाव. या लेखाचा उगम त्या वहीत आहे.

पक्षीनिरीक्षण हा शब्द आता मराठीत रुळला आहे. त्याच धर्तीवर आम्ही या छंदास विमाननिरीक्षण म्हणतो. जगभर हजारो माणसे विमानतळाच्या कुंपणाबाहेर दुर्बीण, कॅमेरा आणि वही घेऊन तासन् तास उभी असतात. त्यांत निवृत्त गृहस्थ असतात, तसे शाळकरी पोरही. कुणी फक्त मोठी मालवाहू विमाने टिपतो, कुणी एखाद्या कंपनीच्या ताफ्यातील प्रत्येक विमान एकदा तरी पाहण्याचा संकल्प सोडतो. बाहेरच्यास हा वेडेपणा वाटतो. आम्हांसही सुरुवातीस वाटला होता.

या छंदाची पाळेमुळे युद्धात आहेत. ब्रिटनमध्ये १९२५ साली 'ऑब्झर्व्हर कोअर' नावाचे निरीक्षकांचे दल स्थापन झाले. दुसऱ्या महायुद्धात तेथील रडार यंत्रणा मुख्यतः समुद्राकडे तोंड करून होती. शत्रूचे विमान किनारा ओलांडून आत शिरले, की त्याचा माग डोळ्यांनी आणि कानांनीच काढावा लागे. आणि ते काम या दलातील शेतकरी, दुकानदार, शिक्षक असे सामान्य नागरिक करीत. १९४१ साली या दलास 'रॉयल' ही उपाधी मिळाली. त्याच वर्षी 'द एअरोप्लेन स्पॉटर' हे नियतकालिक निघू लागले आणि शाळकरी मुलेसुद्धा काळ्या छायाकृतींवरून विमाने ओळखण्याचा सराव करू लागली. आपले कोणते आणि परके कोणते, हे चुकले तर प्राण जाण्याचा प्रश्न होता. युद्ध संपले, सवय उरली.

त्या काळी शिकवला जाणारा ओळखीचा क्रम आजही उपयोगी पडतो : आधी पंख, मग इंजिने, मग धड आणि शेवटी शेपूट. पंख धडाच्या वरून निघतात की खालून? इंजिने किती आणि कुठे टांगलेली? धड बारीक की रुंद? आडवे शेपूट खाली आहे की उभ्या शेपटाच्या टोकावर? एवढ्या चार प्रश्नांत निम्मी विमाने ओळखता येतात. पंख वरून निघालेले, दोन पंखे फिरणारे आणि शेपूट इंग्रजी 'टी' अक्षरासारखे असेल, तर ते बहुधा एटीआर-७२, म्हणजे लहान गावांस जोडणारे विमान. चार इंजिने आणि पुढच्या भागास कुबड असेल, तर बोइंग ७४७. चार इंजिने असून दोन्ही मजले शेवटपर्यंत गेलेले असतील, तर एअरबस ए-३८०.

मुलांचा खरा गोंधळ होतो तो आपल्याकडे सर्वाधिक दिसणाऱ्या दोन विमानांत : एअरबस ए-३२० आणि बोइंग ७३७. दोन्हींना दोनच इंजिने, दोन्ही सारख्याच आकाराची. परंतु ७३७च्या उभ्या शेपटाच्या मुळाशी धडाकडे उतरत जाणारी एक तिरपी कड असते. ए-३२०चे शेपूट धडातून सरळ उभे राहते. ७३७ जमिनीलगत असल्याने तिच्या इंजिनाचे तोंड पूर्ण गोल नसून खालून किंचित चपटे असते. आणि ती डोक्यावरून जाताना पोटाखाली दोन काळी वर्तुळे दिसतात. ती तिची चाके होत. चाके आत घेतल्यावर त्यांवर पूर्ण झाकण बसत नाही. हे एकदा दाखवले, की मूल आयुष्यभर विसरत नाही. फरक बुद्धीचा नसतो, कुठे पाहायचे हे कुणी सांगितलेले असण्याचा असतो.

यानंतरची पायरी नोंदणीखुणेची. मोटारीस जसा क्रमांक, तशी प्रत्येक नागरी विमानास अक्षरांची खूण असते आणि तिच्या आरंभी देश कळतो. भारताची 'व्हीटी', अमेरिकेची 'एन', ब्रिटनची 'जी', जर्मनीची 'डी', श्रीलंकेची '४आर', नेपाळची '९एन'. 'व्हीटी' म्हणजे 'व्हॉइसरॉय टेरिटरी' अशी फोड आपल्याकडे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितली जाते. ती हौशी आहे. रेडिओ-संकेतांच्या आंतरराष्ट्रीय वाटपात 'व्ही'ने सुरू होणारे अनेक गट ब्रिटिश साम्राज्यातील प्रदेशांना गेले, ऑस्ट्रेलियास 'व्हीएच' आले तसे भारतास 'व्हीटी' आले, इतकेच. हिवाळ्यात गया विमानतळावर गेलेल्या आपल्या यात्रेकरूंपैकी कुणी लक्ष दिले असेल, तर त्यांस थायलंडची 'एचएस', म्यानमारची 'एक्सवाय' आणि भूतानची 'ए५' ही अक्षरे धावपट्टीच्या कडेस उभी दिसली असतील. बोधगयेस कोणकोणत्या देशांतून माणसे येतात, हे त्या शेपटांवरून वाचता येते.

नोंदणीखूण हीच विमानाची खरी ओळख. रंग बदलतो, कंपनी बदलते, खूण लक्षात ठेवावी लागते. एक उदाहरण आपल्या वाचकांस जवळचे वाटेल. एअर इंडियाचे पहिले बोइंग ७४७ १८ एप्रिल १९७१ रोजी मुंबईस आले. त्याची खूण व्हीटी-ईबीडी आणि त्याचे नाव होते 'सम्राट अशोक'. त्या काळी या विमानांना भारतातील सम्राटांची नावे देत. १ जानेवारी १९७८च्या रात्री हेच विमान मुंबईहून दुबईस निघाले आणि उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या समुद्रात कोसळले. विमान कोणत्या बाजूस कलले आहे हे दाखवणारे मुख्य वैमानिकापुढील उपकरण बिघडले होते. खाली काळोखा समुद्र, क्षितिज दिसत नाही, आणि वैमानिकाने चुकीच्या दिशेस विमान वळवले. त्यावरील सर्व २१३ जण मृत्यू पावले. दुसरे व्हीटी-ईएफओ, 'सम्राट कनिष्क'. २३ जून १९८५ रोजी आयर्लंडजवळ अटलांटिक महासागरावर असताना त्यात ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला आणि ३२९ माणसे गेली. आपल्या मुलांना इतिहासाच्या पुस्तकातून परिचित असलेली ही दोन नावे विमानांच्या यादीतही आहेत, आणि दोन्हींपुढे तीच नोंद आहे. एअर इंडियाच्या या जातीच्या विमानांपैकी व्हीटी-ईव्हीए हे २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून अमेरिकेकडे कायमचे गेले. निघताना वैमानिकाने पंख डोलवून शहराचा निरोप घेतला, तेव्हा कुंपणाबाहेर कॅमेरे घेऊन उभ्या असलेल्यांत डोळे पुसणारेही होते, असे म्हटले तर वाचकांनी हसू नये.

दुर्मीळ पाहुणे हा या छंदाचा सण. 'बेलुगा' हे देवमाशासारखे फुगीर कपाळाचे मालवाहू विमान नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईस आले होते. सहा इंजिनांचे अँतोनोव्ह-२२५, जगातील सर्वांत अवजड विमान, मे २०१६ मध्ये हैदराबादेस उतरले होते. तशा जातीचे एकच विमान जगात उडत होते आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधील युद्धात ते होस्तोमेल विमानतळावर नष्ट झाले. ज्यांनी हैदराबादेस जाऊन त्याची नोंद केली, त्यांच्या वहीतील ती ओळ आता पुन्हा कुणास लिहिता येणार नाही.

पण आमच्या गच्चीवर कोण उतरणार? आमच्यासाठी सारे अकरा किलोमीटर उंचीवर. म्हणून आम्ही गणिताकडे वळलो, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर शिक्षक म्हणून आम्हांस याच भागाचा आनंद अधिक झाला.

मुलांची एक जुनी तक्रार होती : आवाज येतो तिकडे पाहावे, तर विमान दिसत नाही, ते बरेच पुढे असते. याचे कारण फळ्यावर मांडता येते. विमान ११ किलोमीटर उंचीवर आहे. ध्वनीचा वेग जमिनीलगत अधिक आणि वरच्या थंड हवेत कमी. सरासरी सेकंदास ३२० मीटर धरू. ११,००० मीटरांस ३२० ने भागले तर सुमारे ३४ सेकंद येतात. म्हणजे डोक्यावर असताना निघालेला आवाज आपल्या कानी अर्ध्या मिनिटाहून अधिक उशिरा पडतो. ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान सेकंदास २५० मीटर जाते. ३४ सेकंदांत ते साडेआठ किलोमीटर पुढे निघून गेलेले असते. तेव्हा आवाजाच्या पुढे पाहावे, हा नियम. पुढच्या संध्याकाळी चाळीस मुले आवाजाच्या पुढे पाहू लागली आणि चाळिसांनाही विमान दिसले. आठवीच्या पुस्तकातले ध्वनीचे प्रकरण त्या वर्षी कुणास पाठ करावे लागले नाही.

पुढे एका माजी विद्यार्थ्याने शाळेस एक छोटेसे ग्राहकयंत्र आणि तारेचा अँटेना भेट दिला, आणि छंदाचे रूप पालटले. आजची बहुतेक प्रवासी विमाने उपग्रहांच्या साहाय्याने आपले स्थान स्वतःच ठरवतात आणि ते १०९० मेगाहर्ट्झ या कंप्रतेवर प्रत्येक सेकंदास सुमारे दोनदा प्रसारित करतात : मी येथे आहे, या उंचीवर आहे, हा माझा क्रमांक. हा संदेश कुणासही ग्रहण करता येतो. स्वीडनमधील दोन हौशी माणसांनी २००६ साली असे ग्राहक जोडून एक जाळे उभारले. पुढे जगभरचे स्वयंसेवक त्यात सामील झाले आणि आज 'फ्लाइटरडार२४' या नावाने ते भ्रमणध्वनीवर सर्वत्र दिसते. मुलांचा पहिला प्रश्न : आपला अँटेना किती दूरचे ऐकेल? या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून पृथ्वीची गोलाई आड येते. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, विमानाची उंची ११. त्या दोहोंचा गुणाकार दुप्पट करून वर्गमूळ काढले, तर सुमारे ३७४ किलोमीटर येतात. पायथागोरसचा सिद्धान्त इतका दूर जातो, हे मुलांनी स्वतः पडताळून पाहिले.

याच यंत्रामुळे आमच्या वहीत पहिला खोटेपणा शिरला.

पावसाळ्याचे दिवस होते. आठ-दहा दिवस आभाळ गच्च, वही कोरी. नववीतील एका हुशार मुलाने यंत्रावर पाहून वही भरून टाकली : वेळ, उंची, खूण, सारे बिनचूक. पाहणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचे नाव. आम्ही त्या दोन पानांवर रेघ मारली. मुलगा रडवेला झाला. "सर, पण सगळं खरंच आहे ना?" त्याचे म्हणणे खरे होते. एकही आकडा चुकीचा नव्हता. पण त्याने काहीही पाहिले नव्हते. आम्ही त्यास 'यंत्रावरून' असा निराळा रकाना आखून दिला आणि समजावण्यासाठी एक प्रकरण सांगितले. ते येथे थोडे विस्ताराने देतो. कारण अनेक पालक आम्हांस विचारतात, की असले आकडे टिपून शेवटी मिळते काय.

२३ ऑक्टोबर २००१च्या पहाटे कराची विमानतळावर एक लहान जेट विमान उभे होते. बुरखे घातलेल्या माणसांच्या हाती एका कैद्यास देण्यात आले आणि ते निघून गेले. तीन दिवसांनी मसूद अन्वर या पाकिस्तानी पत्रकाराने ही बातमी छापली आणि बातमीत विमानाची खूण दिली : एन-३७९-पी.   ती खूण छापली गेली. युरोपातील विमाननिरीक्षकांच्या वह्यांत आणि छायाचित्रांत हीच खूण निरनिराळ्या विमानतळांवर आढळू लागली. पुढे तिच्यासोबत दुसरी एक आली, एन-३१३-पी, एक बोइंग ७३७. जानेवारी २००४ मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर एका हौशी निरीक्षकाने त्याचे छायाचित्र काढले. त्याच्या दृष्टीने ते एक अनोळखी, कंपनीचे नाव नसलेले, म्हणूनच टिपण्याजोगे विमान होते.

ते विमान तेथून मॅसिडोनियाची राजधानी स्कोप्ये येथे गेले. तेथे खालेद अल-मस्री हा जर्मन नागरिक तेवीस दिवस एका हॉटेलात डांबून ठेवलेला होता. नामसाधर्म्यामुळे त्यास दहशतवादी समजण्यात आले होते. त्यास या विमानात घालून अफगाणिस्तानात काबूलजवळच्या गुप्त तुरुंगात नेण्यात आले. मे महिन्यात, आपली चूक झाल्याचे कळल्यावर, अमेरिकी गुप्तहेर खात्याने त्यास अल्बानियातील एका निर्जन रस्त्यावर सोडून दिले. तो जर्मनीस परतला आणि घडले ते सांगू लागला, तेव्हा त्यावर विश्वास कोण ठेवणार? एकीकडे एकटा माणूस, दुसरीकडे सरकारे. परंतु विमानाचे मार्ग आणि वेळा त्याच्या कथनाशी जुळल्या. युरोप परिषदेने चौकशी केली, युरोपीय संसदेने केली. १३ डिसेंबर २०१२ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या महापीठाने मॅसिडोनियास दोषी धरले आणि ६०,००० युरो भरपाई देण्याचा आदेश दिला.

हा निकाल एकट्या छायाचित्राने लागला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पत्रकार, वकील, चौकशी समित्या, उड्डाणांचे अधिकृत अभिलेख या सर्वांचा त्यात वाटा आहे. पण त्या शोधाचे पहिले धागे ज्यांच्या वह्यांतून आले, ते कुणाचे वैरी नव्हते की कुणाचे कैवारी. त्यांनी त्या दिवशी ते विमान तेथे पाहिले होते आणि तसे लिहिले होते. न पाहिलेले लिहिण्याची त्यांना खोड असती, तर प्रतिवादीच्या वकिलास आणखी काही करावे लागले नसते. आमच्या नववीतल्या मुलाने हे ऐकून घेतले, आणि पुढच्या ढगाळ दिवशी वहीत लिहिले : "आवाज ऐकला. दिसले नाही." आमच्या मते ती त्या वहीतील सर्वांत चांगली नोंद आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हा छंद सर्वत्र निर्धोक नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधील कालामाता येथील हवाई तळावर बारा ब्रिटिश आणि दोन डच निरीक्षकांस हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. एप्रिल २००२ मध्ये त्यांस शिक्षाही ठोठावण्यात आली. वर्षअखेरीस अपिलात ते निर्दोष सुटले. फेब्रुवारी २०१० मध्ये दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलात वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचे संभाषण यंत्रावर ऐकल्यावरून दोन ब्रिटिश छंदिष्टांस पकडण्यात आले आणि काही आठवड्यांनी दंड भरून त्यांची सुटका झाली. त्या मंडळींच्या देशात त्याकडे काणाडोळा होतो. आपल्याकडे विनापरवाना तसे करणे गुन्हा आहे.

आमच्याही वाट्यास थोडे आले. सहलीत एका शहराच्या विमानतळाच्या भिंतीबाहेर आमचे दोन विद्यार्थी शेपटावरील खुणा उतरवून घेत उभे होते. सुरक्षारक्षकाने वही काढून घेतली, मुलांची नावे आणि गाव विचारले आणि आडनाव ऐकल्यावर पुन्हा विचारले. आम्ही धावत गेलो, ओळखपत्र दाखवले, शाळेचे पत्र दाखवले. दीड तासाने वही परत मिळाली, दोन पाने फाडून. रक्षकाचे काम संशय घेणे आहे, हे आम्ही समजू शकतो. दुसऱ्या प्रश्नाचे कारण मुलांनी आम्हांस बसमध्ये विचारले, आणि त्याचे उत्तर देणे ध्वनीच्या वेगाइतके सोपे नव्हते.

त्यानंतर आम्ही काही नियम घातले, ते पालकांच्या माहितीसाठी देतो. पुण्याचे लोहगाव हे वायुसेनेचे आणि गोव्याचे दाबोळी हे नौसेनेचे ठाणे आहे. अशा ठिकाणी कॅमेरा पिशवीतून बाहेर काढायचा नाही. विमानतळाच्या आवारात छायाचित्रणावर कायद्याने निर्बंध आहेत. फलक वाचायचा, शंका आली तर विचारायचे. लष्करी विमान दिसले तर पाहावे, त्याचे ठिकाण कुठेही प्रसिद्ध करू नये. वैमानिकांचे संभाषण ऐकायचे यंत्र शाळेत आणायचे नाही. गेली काही वर्षे आम्ही जाण्यापूर्वी संबंधित कार्यालयास पत्र देतो. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाकडे जाताना मुलांच्या चेहऱ्यावर जो भाव असतो, तो पाहता ही खटपट आम्हांस जड वाटत नाही. सोनेगावचे ते नाव आपल्या घरांत वेगळ्या आवाजात उच्चारले जाते, हे वाचकांस सांगावयास नको.

आजमितीस शाळेच्या ग्रंथालयात अशा नोंदींच्या एकोणीस वह्या आहेत. त्यांत चुका पुष्कळ आहेत. शुक्रतारा तीनदा विमान म्हणून नोंदलेला आहे आणि एकदा घार. आम्ही त्या खोडलेल्या नाहीत, समासात दुरुस्ती लिहिली आहे. सर्वांत जुन्या दोन वह्या मात्र सापडत नाहीत. वसतिगृहाचे छत दुरुस्त झाले, त्या सुमारास कुणीतरी त्या सांभाळून ठेवण्यासाठी घरी नेल्या असाव्यात, असे आमचे अनुमान आहे. वेष्टन खाकी कागदाचे, पहिल्या पानावर निळ्या शाईत आखलेले सहा रकाने. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्यापाशी त्या असतील, त्यांनी स्नेहमेळाव्यास येताना त्या अवश्य सोबत आणाव्यात. ग्रंथालयातील फडताळात त्यांची जागा रिकामी ठेवली आहे.